इंगळ्यांच्या कुळाचं नाव

बरणी फुटली नाही. जयराजनं ती जेवणाच्या टेबलावर नुसती ठेवली, जरा जोरात, इतकंच. आतल्या स्पिरिटमध्ये तळाशी बसलेली विंचवाची पांढरी पिल्लं उसळून वर आली, रव्यासारखी गरगरली आणि पुन्हा हळूहळू आईच्या वाळक्या पायांभोवती बसायला लागली. मी पिल्लांकडं बघत होते. मग माझं लक्ष मनूकडं गेलं. वाटीतला वरणभात चिवडणारा तिचा हात वाटीतच थांबला होता. ती दचकली नाही, रडली नाही, माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. श्वास धरून बसली होती, डोळे टेबलाच्या कडेवर. दगड उचलला की खालची इंगळी पहिल्या क्षणी अशीच करते. पळत नाही, नांगी उभारत नाही, आपण इथं नाहीच असं दाखवते. दोन वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं? मी जन्मात तिला कधी सांगितलं नव्हतं की, बाबांचा हात वर गेला की हलायचं नाही. पण पोरं सांगितलेलं शिकत नाहीत, दिसलेलं शिकतात. "उद्या अकराला कोर्टात जायचं," जयराज म्हणाला. "नोटरी ओळखीचा आहे. मजकूर तयार आहे. तू फक्त वाचायचा आणि सही करायची." मी म्हटलं, "अहो, पोरगी जेवतेय." तो म्हणाला, "जेवू दे की. मी कुठं तिचा घास काढून घेतला?" आणि हसला. तो हसला की मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही, हाताकडं बघते.

सही कशावर करायची ते मला ठाऊक होतं. जगातल्या प्राण्यांच्या नावांवरून शास्त्रज्ञांत जे तंटे होतात ते सोडवणारं एक मंडळ लंडनला आहे, आणि त्यांचा मुख्य कायदा कुणा अडाण्यालाही कळेल असा आहे. एकाच गटाला दोघांनी दोन नावं दिली तर जे आधी छापून लोकांपुढं आलं ते राहतं, मागचं पडतं. कुणी आधी शोधलं, कुणी किती उन्हं खाल्ली, कुणाच्या कपाटात कागद किती वर्षं पडून होते, यातलं काही धरत नाहीत. वर्गात सांगितलेलं नाव धरत नाहीत, प्रबंधात लिहिलेलंही धरत नाहीत. छापून चारचौघांत आलं पाहिजे. माणच्या दगडांखाली राहणाऱ्या इंगळ्यांचं एक वेगळंच कुळ निघालं आणि त्याला दोघांनी नावं दिली. साताऱ्याचे निकम सर, जे आम्हा दोघांचेही गाईड होते, त्यांनी माण देशावरून दिलं. जयराजनं त्याच्या वारलेल्या वडिलांवरून, हिंदुरावांवरून दिलं. सरांचं नाव त्र्याण्णवच्या श्रावणात एका संस्थेच्या पत्रिकेत आलं. जयराजचं त्याच्या कॉलेजच्या संशोधन-अंकात आलं, आणि त्या अंकाच्या कव्हरवर छापलंय जानेवारी त्र्याण्णव. कव्हरवर बघितलं तर हिंदुराव जिंकतात. पण कव्हरवरची तारीख खोटी आहे असं कुणी दाखवून दिलं, तर मंडळ खरी तारीख धरतं. सरांनी अर्ज केला होता. मंडळानं त्यांच्या पत्रिकेत छापलं होतं की, या अंकाच्या तारखेबद्दल कुणाला काही माहीत असेल तर कळवावं. माहीत असणारी माणसं तीन. जयराज, कराडचा कृष्णात प्रेसवाला, आणि मी.

कॉलेजच्या अंकांचं आमच्याकडं असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जानेवारीचा अंक उन्हाळ्यात निघतो, उन्हाळ्याचा निघतच नाही, अनुदान मात्र वर्षाचं वर्षाला उचलायचं असतं म्हणून कव्हर आधी छापून ठेवायचं. त्या वर्षी तर कारखान्याची निवडणूक लागली. कृष्णातच्या ट्रेडलवर, त्या पायानं चालवायच्या छापयंत्रावर, उन्हाळ्यापासून नुसती पॅनेलची पत्रकं, कपबशी, छत्री, विमान, चिन्हांचे ब्लॉक झिजेपर्यंत. विंचवांना कोण विचारतं! मनू नवरात्रात झाली, दहिवडीला, माझ्या माहेरी. प्रुफं तिच्या बारशानंतर आली. जयराज स्वतः एस.टी.नं घेऊन आला, पोरीला बघायला म्हणून आणि प्रुफं द्यायला म्हणून, आणि मला अजून सांगता येत नाही की, यातलं कशाला म्हणून. बाळंतिणीच्या खोलीत खाटेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपेची धुरी, डोळे चुरचुरतायत, पोर एका अंगाला लुचतेय आणि मी दुसऱ्या हातानं लाल पेन्सिलीनं पायांवरच्या केसांची संख्या, नांगीच्या मणक्यांची लांबी, सासऱ्यांच्या नावाची लॅटिन रूपं तपासतेय. एका पानावर दूध सांडलं. नंतर कराडला गेल्यावर कृष्णात म्हणाला होता, "वहिनी, आजवर लय जणांची प्रुफं बघितली, ओव्याचा वास येणारी पहिलीच. कंपोझिटर म्हणतोय, छापू का फोडणीला टाकू?" कृष्णात जयराजचा होस्टेलमधला जोडीदार. एका ताटात जेवलेले.

आणि आता मजकूर असा होता: मी, प्राणिशास्त्रातली एम.एस्सी., प्रतिज्ञेवर सांगते की, सदर अंकाची मुद्रितं मी जानेवारी त्र्याण्णवमध्ये, संक्रांतीच्या सुमारास, सांगली मुक्कामी, राहत्या घरी, तपासली. संक्रांतीच्या सुमारास! पहिली संक्रांत माझी. काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, आणि कोरेगावात हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपुढं सासूबाई, चंद्राबाई, मला फिरवून दाखवत होत्या, "शिकलीया लय, पण बोलत न्हाई, त्ये एक बरं हाय." पोटात काही धरलंय हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं. त्या महिन्यात मी ती प्रुफं बघितली असं म्हणायचं म्हणजे मनूचा जन्मच मागं ओढायचा. किंवा तो झालाच नाही म्हणायचं. मला हे राहून राहून वाटत होतं, आणि हे वाटणं मूर्खपणाचं आहे हेही कळत होतं. एका सहीनं पोर थोडीच नाहीशी होते? तरी जेवण झाल्यावर तिचं तोंड पुसताना मी तिला इतकं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, दुकतंय."

खरं तर दोघांपैकी कुणाचंही नाव राहिलं असतं तरी मला काय! इंगळ्या मी पकडल्या होत्या. निकम सरांच्या हाताखाली असताना, दहिवडीच्या माळावर, ऐन चैत्रात. माझे वडील तिथं मास्तर, माझं बालपण त्या दगडांवर गेलेलं, कुठला दगड उलटायचा ते मला हाताला कळायचं. जयराज मागून डबे घेऊन यायचा आणि म्हणायचा, "दीपा, तुझ्या हाताला गुण आहे." मला त्या वाक्यावर लग्न करावंसं वाटलं होतं. त्याच माळावर ती सापडली, पाठीवर पिल्लांची रास घेऊन बसलेली, पांढरी, मऊ, एकावर एक. मी चिमटा मागं घेतला. सर म्हणाले, "थांबलात का? पिल्लांसकट टाका. सुंदर नमुना आहे." स्पिरिटमध्ये पडल्यावर ती गोल वळली, नांगी तीनचारदा काचेवर मारली. विंचू स्वतःला डंख मारून घेतो असं लोक म्हणतात, ते खोटं आहे, ती समोर जे होतं त्याला मारत होती. पिल्लं एकेक करून सुटत गेली. ती तळाशी जायची आणि ही वरून हात फिरवल्यासारखे पाय फिरवायची. मी शेवटपर्यंत बघितलं. मग झाकण लावलं, चिठ्ठीवर गाव आणि तारीख घातली. दोघांच्याही लेखांत तोच नमुना आहे, मुख्य नमुना, ज्याच्यावर नाव उभं राहतं. दोघांच्याही लेखांत माझे आभार मानलेले आहेत, सरांनी "कु. दीपमाला" म्हणून, जयराजनं "सौ." म्हणून. सरांना मी एकदा विचारलंही होतं. ते म्हणाले, "अहो, ऋणनिर्देशात घातलंय की नाव! आणखी काय पाहिजे?"

सासूबाईंना नाव दिल्याचं कळलं तेव्हा त्या जात्यापाशी बसून होत्या. "आवं, माणसाचं नाव इच्चवाला? जितंपणी त्येंनी कुणाला नांगी मारली न्हाई, आन् मेल्याव ह्यो सत्कार?" मी हसले. जयराज हसला नाही. त्यानं समजावलं, "आई, जगात विंचू आहेत तोवर आबांचं नाव राहणार. लंडनला, अमेरिकेला." म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. तेव्हापासून ते नुसतं शास्त्रातलं नाव राहिलं नाही. आबांच्या फोटोखाली त्या लेखाचं पहिलं पान फ्रेम करून लावलं गेलं, वर्षश्राद्धाला त्यालाही हार. गावात थोरले दीर, भाऊसो, मिलिटरीतून पेन्शनीत आलेले, पारावर सांगायचे की, आमच्या बापाच्या नावाचं अख्खं कुळ हाय. सरांचा अर्ज गेल्याचं कळलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजी त्यो मास्तर आमच्या बापाचं नाव पुसाय निघालाय? लंडनात जाऊन?" त्यांना कुणी काय सांगणार होतं?

जयराजला राग आला की आधी त्याची भाषा बदलते. कॉलेजातली भाषा गळून पडते, आहे-चं हाय होतं, नाही-चं न्हाई. ते ऐकलं की मी मनूला उचलून मोरीपाशी जाते, कारण मोरीचं दार आतून लागतं. नेहमी पोचते असं नाही. तो दंडावर मारतो, पाठीवर, मांडीवर. ब्लाउजच्या बाहीच्या खाली कधी उतरलं नाही, तोंडावर कधी गेलं नाही. शरीराचा अभ्यास केलेला माणूस आहे, कुठलं काय झाकलेलं राहतं हे त्याला ठाऊक आहे. एकदा केस धरून डोकं फडताळावर आपटलं, तेव्हा वरच्या बरण्या किणकिणल्या आणि तो मला सोडून आधी बरण्या धरायला धावला. मी खाली बसून बघत होते, दोन्ही हातांनी त्या किती हळुवार सावरत होता. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शालूबाईंनी विचारलं, "रात्री भांडी पडली का वो?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि कोथिंबीर निवडायला लागल्या. आईला दहिवडीला सांगितलं तर ती म्हणाली, "घरातलं घरात ऱ्हाऊ दे बाय. भायेर काडलं की ते खरं हुतंय." किती बरोबर बोलली होती, तिचं तिला कळलं नसेल. बाहेर काढेपर्यंत ते कुठंच नव्हतं. मला होत होतं, माझ्या अंगावर हिरवं-पिवळं उमटत होतं, पण ते कुणी धरावं असं कुठंच नव्हतं.

दिवेलागणीला भाऊसो आले. बुलेट खाली लावली तेव्हाच मनू माझ्या साडीत शिरली. ते खुशीत होते, कराडहून आले होते. "वैनी, प्वॉहे करा, लय भूक लागलीया." मी कांदा चिरायला घेतला आणि ते दारातच पाटावर बसून सांगायला लागले, माझ्याकडं बघून नाही, जयराजकडं बघून, पण आवाज मला ऐकू जाईल एवढा. कृष्णात सरांना लिहून देणार होता की अंक दिवाळीनंतर निघाला. प्रेसच्या कामाच्या वहीत त्याचा दाखला होता. "म्या म्हटलं, कृष्णात, गड्या, तू आमचं मीठ खाल्लंयस. तर म्हणतोय, मीठ खाल्लं म्हणूनच खोटं लिवत न्हाई, त्ये जयराजला पुढं गोत्यात आणंल. मला शानपन शिकवतोय! मग आधी त्येचं खिळ्यांचं खण उलटं केलं. सगळी अक्षरं भुईला. नुसता चिखुल अक्षरांचा. तरी लिवतोच म्हणतोय." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग हात धरला आन् यंत्रात घातला. आन् पाय दिला पायट्याव." मी सुरी थांबवली. जयराज म्हणाला, "दादा." "आरं, तीनच बोटं. आता म्हनावं लिव, कशानं लिवतुयस त्ये." जयराज म्हणाला, "दादा, एवढं कशाला?" आणि हे त्यानं अशा आवाजात म्हटलं की, जणू पाहुण्यांनी फार मोठा आहेर आणलाय. पोहे झाले. जयराजनं दुसऱ्यांदा मागून घेतले, वर ओलं खोबरं मागितलं.

मी खोबरं खवत होते आणि मला ती बोटं दिसत होती, शाईनं काळी, नखांच्या कडांना शिशाचा राखी रंग. याच बोटांनी त्यानं आबांच्या नावाचं एकेक अक्षर खणातून वेचून उलटं लावलं असणार. पाठीवर मारलेला माणूस मला ओळखीचा होता, मी होते. पण दुसऱ्याचं हाड मोडल्याचं ऐकून माझ्या आत जे हललं ते भीतीसारखं नव्हतं. भीती मला पाठ आहे, ती थंड असते. हे गरम होतं. मी खवणीच्या पात्याकडं बघितलं, आणि भाऊसोंच्या उघड्या मानेकडं बघितलं, घाम, तुळशीची माळ, एक फुगलेली शीर, आणि मला ते पातं तिथं दिसलं, स्पष्ट, त्या शिरेवर, आणि माझा हात. किती वेळ, कोण जाणे! "वैनी, लिंबू न्हाई का?" मी लिंबू दिलं. जयराज माझ्याकडं बघत होता. तोही बघणाराच आहे, आम्ही दोघं एकाच सरांकडं बघायला शिकलो. तो म्हणाला, "उद्या साडी चांगली नेस." आणि मग हलकेच, खास माझ्यासाठी, "मनूला दादा कोरेगावला नेतील म्हणतायत, आईकडं. काही दिवस. सही झाली की आणू." मी म्हटलं, "ती माझ्याशिवाय राहणार नाही. ती बरोबर येईल." "बघू." "ती बरोबर येईल, मगच मी येईन." त्यानं खोबऱ्याचा घास चावला. "बरं."

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली टायपिस्ट ओळीनं बसलेले असतात, लाकडी टेबलं, वर प्लास्टिक, पक्षी घाण करतात म्हणून. सातबारे, वारसनोंदी, मृत्यूचे दाखले, सगळं तिथं टकटक करत तयार होतं. आमच्या टायपिस्टला एक डोळा अधू होता, कागद तो तिरका धरून वाचायचा. नोटरी काळा कोट खुर्चीवर टाकून पान चघळत उभा. भाऊसो बुलेटला टेकून फाटकापाशी. मनू माझ्या कडेवर, तिला उन्हात झोप येत होती. नोटरीनं मजकूर मोठ्यानं वाचला, लोकांना सवय असते, कुणी बघितलं नाही. "...जानेवारी त्र्याण्णवमध्ये, संक्रांतीच्या सुमारास, मी स्वतः तपासली. बरोबर ना, बाई?" त्यानं पेन पुढं केलं. मी पेन घेतलं. कागद पांढरा होता, खाली रेघ, रेघेखाली माझं नाव टाइप केलेलं, "सौ." लावून. मला वाटलं, करावी. बोटं मोडली ती मोडली, सरांनी माझ्यासाठी काय केलं, लंडनच्या माणसांना सांगलीतली संक्रांत काय माहीत! सही करावी, घरी जावं, पोरीला भात लावावा. हे सगळं वाटलं आणि त्याच वेळी मी म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"बरोबर नाही. ही नवरात्रात झाली. प्रुफं हिच्या बारशानंतर आली. मी दहिवडीला होते. अंक दिवाळी होऊन गेल्यावर निघाला."

जयराज हसला. "घाबरलीय ती. कोर्ट बघून..." "घाबरले नाही," मी म्हटलं, आणि ते खोटं होतं. "आणि कृष्णातची बोटं यांच्या भावानं मोडली. तो उभा आहे, फाटकापाशी." हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं का? आवाज माझाच होता, पण वर्गात लेक्चर द्यायचं राहून गेलेल्या बाईचा असावा तसा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. जयराजचं तोंड बदललं. "लय झालं तुजं," तो म्हणाला. मला भाषा ऐकू आली आणि इथं मोरी नव्हती.

हात तोंडावर बसला. पहिल्यांदा तोंडावर. मनूला वाचवायला मी वळले म्हणून कानापासून जबड्यापर्यंत, आणि मी टायपिस्टच्या टेबलावर आदळले, यंत्र सरकलं, त्याची घंटा वाजली. तोंडात लोखंडासारखी चव. दुसरा पाठीवर बसला, तो ओळखीचा. तिसरा बसला नाही. टकटक थांबली होती. कडुनिंबाखालची सगळी यंत्रं थांबली होती आणि त्या शांततेत कुणी एक धोतरवाला म्हातारा म्हणाला, "आरं ए भाड्या, बाईव हात टाकतोस? पोर हाय की तिच्या काखंत!" एका बाईनं मनूला धरायला हात पुढं केले, मी तिला दिलं नाही. दोन माणसांनी जयराजचा दंड धरला. भाऊसो फाटकातून दोन पावलं आत आले, एवढी माणसं उभी राहिलेली बघितली, आणि तिथंच थांबले. बुलेटकडं वळून बघितलं. जयराज म्हणत होता, "बायको हाय माजी, घरची गोष्ट हाय." कुणीतरी हसलं. "घर कुठंय हितं? दाखीव." त्याचा हात अजून अर्धा वर होता आणि तो त्या हाताकडं अशा डोळ्यांनी बघत होता जसा एखादा नमुना चुकीच्या बरणीत सापडावा. नोटरीनं आपला कोट उचलला, अंगात घातला, गुंड्या लावल्या.

माझ्या ओठातून मजकुराच्या कागदावर रक्त ठिपकत होतं. टायपिस्टनं तो कागद दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला, फाडला नाही. खालून एक खुर्ची ओढून दिली. मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते. त्यानं यंत्र जागेवर सरकवलं, कोरा कागद घातला, मागं दोन कार्बन, रूळ फिरवला आणि अधू डोळा माझ्याकडं लावून म्हणाला, "बोला बाई. कुणाला लिहायचं? पोलिसांना का लंडनला?" लंडन त्यानं मजकुरात वाचलं असणार. तो थट्टा करत नव्हता.

"दोन्हीकडं," मी म्हटलं. ओठ सुजत होता, शब्द जाड येत होते, म्हणून मी एकेक सुटा करून म्हणाले. "आधी आजचं घ्या. आत्ताचं. मग कृष्णातच्या बोटांचं."

"आणि हे विंचवांचं?"

"ते शेवटी."